आंबा राखला, गुलमोहर काढावा लागला

कोल्हापूरच्या रुईकर कॉलनीतील आमच्या परसातला वडिलांनी लावलेला आंबा आणि कुंपणालगतचा गुलमोहर ही दोन्ही झाडे गेल्या पावसाळ्यानंतर एकदमच खंगू लागली, म्हणून घरी येऊन झाडे तपासणाऱ्या शहरातील एका खासगी सेवेला बोलावले. तपासणीचे 800 रुपये पडले. ते मला रास्त वाटले, कारण त्याआधी आलेल्या दोघा लाकूडतोड्यांनी पानाफांद्यांकडे न बघता थेट खोडाचा घेरच मोजला होता.

आंब्याच्या बुंध्याशी भुसा साचलेला पाहून तपासनिसांनी भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी कीड, असल्याचे लगेच ओळखले. छिद्रात तारेचा आकडा घालून त्यांनी बोटाएवढी जाड, पांढरट अळी बाहेर ओढली, पेट्रोलात भिजवलेला कापसाचा बोळा आत सारला आणि छिद्र चिखलाने लिंपले. पोखरण खोडाच्या एकाच अंगाला असून बाकीची साल सलग आहे आणि शेंड्याला तांबूस पालवी फुटते आहे, तेव्हा हे झाड राखावे, असे त्यांचे मत पडले. पोखरण खोडाला वेढा घालून गेली असती तर अन्नरसाची वाटच तुटली असती, हेही त्यांनी साल खरवडून दाखवले. वाळक्या फांद्या कापून त्या जखमांवर बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावली. त्यासाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 10 लिटर पाणी असे प्रमाण घेऊन मिश्रण प्लास्टिकच्या बादल्यांत केले. त्यात बुडवलेल्या लोखंडी खिळ्यावर तांबूस थर चढताच, म्हणजे चुना कमी पडल्याचे दिसताच, त्यांनी आणखी चुना घातला. इतकी निगुती हल्ली क्वचितच दिसते.

गुलमोहराबाबत मात्र त्यांनी आशा दाखवली नाही. बुंध्याशी खुरासारखी कडक अळिंबी उगवली होती, हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज येत होता आणि पेचकस मुठीपर्यंत आत गेला. बाहेरून औषध मारून कुजलेले लाकूड परत येत नाही, आणि झाड कलले होते शेजाऱ्यांच्या जिन्याकडे. जुलैच्या झडीत ते तग धरेल याची खात्री कोण देणार? मला वाईट वाटले, पण निर्णय पटला.

तक्रार आहे ती परवानगीबाबत. ‘घरचेच झाड आहे, कोण विचारतो’ असे म्हणून ते दुसऱ्याच दिवशी कापणीला निघाले होते. महाराष्ट्रात नागरी भागासाठी 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे आणि खासगी आवारातील झाडालाही पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे सेवा देणाऱ्यानेच ग्राहकाला सांगायला हवे होते. अर्ज अखेर मीच केला. त्यांनी दिलेला लेखी अहवालही जेमतेम चार ओळींचा होता, म्हणून अळिंबीची छायाचित्रे मला स्वतः काढून जोडावी लागली.

महिन्याने पुन्हा येण्याचे आश्वासन दोनदा फोन केल्यावर पाळले गेले. त्या वेळी आंब्याच्या एका छिद्राखाली ताजा भुसा सापडला आणि तारेचे ते काम त्यांनी जादा पैसे न घेता केले.