बेझाँसाँची मैफल: दिनू लिपाती यांच्या अखेरच्या वादनाची सीडी

दिनू लिपाती या रुमानियन पियानोवादकाची शेवटची जाहीर मैफल १६ सप्टेंबर १९५० रोजी फ्रान्समधील बेझाँसाँ येथे झाली आणि तिचे ध्वनिमुद्रण आज एका सीडीवर ऐकायला मिळते. तेहतीस वर्षांचे लिपाती हॉजकिन्सच्या विकाराने, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाने, इतके खंगले होते की त्यांनी वाजवू नये असे डॉक्टरांचे म्हणणे होते. पुढे अडीच महिन्यांत, २ डिसेंबरला, ते गेले. या हकिकतीमुळे ही सीडी बहुधा हळहळीपोटी घेतली जाते. ती निखळ वादनासाठी घ्यावी, असे मला मनापासून वाटते, कारण मैफलीच्या पूर्वार्धात आजारपण कानाला जाणवतच नाही.

बाखचा पहिला पार्तिता, म्हणजे नृत्यप्रकारांवर बेतलेल्या तुकड्यांची मालिका, सुरू करण्याआधी लिपाती त्याच पट्टीच्या स्वरांवरून एकदा हात फिरवतात. गवयाने तानपुऱ्याच्या झंकारात षड्ज लावून पाहावा, तसे हे काही क्षण आहेत, आणि ते ध्वनिमुद्रणात राहिले याचा मला फार आनंद आहे. पार्तिताच्या शेवटच्या जीग या चपळ नृत्यतुकड्यात डावा हात पुन्हापुन्हा उजव्यावरून पलीकडे जाऊन सूर उचलतो. ही कसरत इथे इतकी सहज होते की ऐकताना हातांकडे लक्षच जात नाही.

या स्वच्छतेमागे पक्की तालीम आहे. १९१७ साली बुखारेस्टमध्ये जन्मलेल्या लिपातींचे धर्मपिता प्रख्यात संगीतकार जॉर्ज एनेस्कु होते. १९३३च्या व्हिएन्ना स्पर्धेत त्यांना दुसरा क्रमांक दिला गेला, तेव्हा पियानोवादक आल्फ्रेद कोर्तो यांनी निषेध म्हणून परीक्षक मंडळाचा राजीनामा दिला. पुढे पॅरिसमध्ये कोर्तो यांच्याकडे पियानोचे आणि पॉल द्युका व नादिया बुलांजे यांच्याकडे रचनेचे शिक्षण झाले. स्वतः रचना करणाऱ्या माणसाला प्रत्येक सूर कशासाठी आहे हे ठाऊक असते, आणि मोत्सार्टच्या ए मायनर सोनाटात हे जाणतेपण ठायी ठायी दिसते. लिपाती दुःख दाखवत बसत नाहीत, केवळ लय राखतात आणि दुःख आपोआप उमटते.

मात्र या सीडीतून एकच तुकडा ठेवायचा झाला, तर मी शुबर्टचा जी फ्लॅट मेजरमधील इम्प्रॉम्प्ट्यू हा छोटेखानी पियानोतुकडा ठेवेन. त्यात उजव्या हाताच्या कडेच्या बोटांवर संथ गाणे असते आणि त्याच हाताची आतली बोटे अखंड झुळझुळ चालू ठेवतात. बहुतेक वादकांकडून एक तर झुळझुळ वर येते, नाही तर गाणे ठोकल्यासारखे वाजते. लिपातींकडे गाणे श्वास घेत पुढे सरकते आणि खालचे पाणी हलत राहते, इतके मऊ की आवाज वाढवून ऐकण्याचा मोह होतो.

शोपँच्या वॉल्ट्झमध्ये, म्हणजे तीन मात्रांच्या नृत्यलयीतल्या तुकड्यांमध्ये, मात्र थकवा हळूहळू ऐकू येऊ लागतो. काही ठिकाणी लय पुढे ढकलल्यासारखी वाटते, एखादा सूर हुकतो. ज्यांना निर्दोष वॉल्ट्झ हवे आहेत त्यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये, कॉर्टिझोन या औषधामुळे काही आठवडे उभारी आली असताना, जिनिव्हात केलेले ध्वनिमुद्रण घ्यावे. तिथे चौदाही वॉल्ट्झ आहेत, बाखचा हाच पार्तिता व मोत्सार्टचा हाच सोनाटाही त्याच सुमारास ध्वनिमुद्रित झाला, आणि आवाजही अधिक स्वच्छ आहे. बेझाँसाँचे मुद्रण मोनो, म्हणजे एकाच ध्वनिवाहिनीवरचे, आहे. पियानोचा खर्ज काहीसा बोथट येतो. स्पीकरपेक्षा चांगल्या हेडफोनवर ते अधिक खुलते, हा माझा अनुभव.

लिपातींचे ध्वनिमुद्रित वादन मुळातच थोडे आहे. त्यातही त्यांच्या नावावर विकला गेलेला शोपँचा ई मायनर कॉन्चेर्तो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) प्रत्यक्षात पोलिश पियानोवादक हालिना चेर्नी-स्तेफान्स्का यांनी वाजवलेला असल्याचे १९८१मध्ये उघड झाले. म्हणून जे खात्रीने त्यांचे आहे ते संग्रही असावे. बेझाँसाँला तेरा वॉल्ट्झ झाल्यावर चौदावा वाजवण्याचे त्राण त्यांच्यात उरले नाही. त्याऐवजी त्यांनी बाखचे एक प्रार्थनागीत वाजवले आणि ते उठले. ते प्रार्थनागीत या सीडीवर नाही. ती तेराव्या वॉल्ट्झवर थांबते.