पत्र्याचा उंच वाफा: घरचा पालापाचोळा असेल तर डोळे झाकून घ्या

गॅल्वनाइज्ड पत्र्याचा बिनतळाचा वाफा आहे, 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद, 60 सेंमी उंच. जोडणी सोपी आहे पण पत्रा धरायला दुसरं माणूस लागतं, कडांची रबरी पट्टी आधी लावा नाहीतर हात कापतो, आणि मधल्या आडव्या सळया अजिबात गाळू नका, ओल्या मातीचा दाब एवढा असतो की पत्रा बाहेर फुगतो.

आता मुद्द्याचं, हा भरायचा कशाने? आत 1200 लिटर जागा आहे, म्हणजे 40 लिटरच्या 30 पिशव्या, आणि सोबतच्या कागदावर विकतचं मिश्रण काठोकाठ भरा असंच लिहिलंय, ते मला अजिबात पटलं नाही. भाजीची बहुतेक मुळं वरच्या 20-30 सेंमीतच असतात, मग खाली विकतची माती कशाला? तळाला ओला पुठ्ठा टाका (चिकटपट्टी काढून), त्याने खालचं गवत दबतं, त्यावर ओंडके आणि जाड फांद्या, कुजत आलेल्या असतील तर फारच छान कारण त्या पाणी धरून ठेवतात, मग फटींमध्ये काटक्या, वाळकी पानं, कापलेलं गवत, अर्धवट झालेलं कंपोस्ट असं सगळं दाबून भरायचं आणि दर थराला भरपूर पाणी मारायचं. ताजं गवत एकट्याने जाड थरात टाकू नका, त्याचा चिकट गोळा होऊन वास मारतो, पानांत मिसळूनच टाका. लाकडाचा भुसा वरच्या मातीत नको, कुजताना तो नत्र ओढून घेतो आणि रोपं पिवळी पडतात, खाली असला तर काही बिघडत नाही. वरचे 25 सेंमी मात्र माती आणि पूर्ण कुजलेलं कंपोस्ट, तिथे तडजोड नको.

बाहेरून शेणखत किंवा वाळकं गवत आणणार असाल तर आधी थोडं कुंडीत घालून घेवड्याच्या बिया लावून बघा. काही तणनाशकं जनावराच्या पोटातून आणि खतातूनही टिकून राहतात, पानं वेडीवाकडी गुंडाळली गेली तर ते खत वाफ्यात घालूच नका. घरच्या खताचं म्हणून मला एवढं कौतुक आहे, त्यात काय गेलंय ते आपल्याला माहीत असतं!

माती खाली गेली म्हणून कमी स्टार देणाऱ्यांना एवढंच सांगेन की तो वाफ्याचा दोष नाहीये, खालचं कुजतंय म्हणून खचतं, दर हंगामात वरून कंपोस्ट घालत राहायचं. पहिल्या वर्षी बारमाही झाडं तेवढी टाळा, मातीबरोबर तीही खाली जातात.

खरी तक्रार एकच, कडक उन्हात पत्र्यालगतची माती लवकर सुकते, तिथे पाल्याचं जाड आच्छादन लागतंच. बाकी माझ्याकडून 5 पैकी 4. याचंच 30 सेंमी उंचीचं मॉडेलपण येतं, ते घेतलंत तर ओंडके वगळा, त्यात फक्त पानं, कंपोस्ट आणि माती.