शेंडा पार्क की मिरज? पसंतीक्रम भरणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी

नीटचा निकाल लागला की आमच्या भागात दरवर्षी एकच प्रश्न फिरायला लागतो. मार्क मुंबई-पुण्याला थोडक्यात कमी पडतात, खासगीची फी झेपणारी नसते, आणि पसंतीक्रमात दोन नावं एकाखाली एक येऊन बसतात: कोल्हापूरचं शेंडा पार्कातलं राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. वर कुठलं टाकायचं?

मी राहणारा कोल्हापूरचा, शिकलो मिरजेला. माझ्या आधी चुलत बहीण कोल्हापुरात शिकली. म्हणजे एक कॉलेज आतून पाहिलं, दुसरं तिच्या तोंडून ऐकलं. त्यामुळे माझं माप मिरजेकडे जरा झुकतं पडेल, तेवढं धरून वाचा.

फी, शिकून झाल्यावरच्या सरकारी सेवेचा बॉण्ड, इंटर्नशिपचं विद्यावेतन, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे पेपर हे दोन्हीकडे सारखंच आहे, त्यावर डोकं शिणवू नका. मिरजेला २०० जागा, कोल्हापूरला १५०, यानेही तुमच्या शिकण्यात फार फरक पडेल असं वाटत नाही. कटऑफ कुणाचा दोन-चार मार्कांनी वर गेला यावरून कॉलेजची प्रत ठरवणारे पालक भेटतात. तो आकडा पोरांनी यादी कशी भरली एवढंच सांगतो.

वयाचा फरक मात्र खरा आहे. मिरजेचं कॉलेज १९६२ चं, कोल्हापूरचं या शतकातलं. माझ्या ओळखीतले पन्नाशी ओलांडलेले बरेच डॉक्टर मिरजेचेच निघतात, आणि पुढे कुठे काम बघायला गेलं की 'आमच्याच कॉलेजचा' म्हणून एक खुर्ची पुढे सरकते. कोल्हापूरचीही फळी आता तयार होत आलीय, त्यामुळे हा मुद्दा हळूहळू बाद होईल.

रुग्णांच्या बाबतीत मी कोल्हापूरला मुळीच कमी लेखणार नाही. तिथल्या कॉलेजचं रुग्णालय म्हणजे सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय), शहराच्या मधोमध, टाऊन हॉलला लागून. मेजर मॅंट या ब्रिटिश वास्तुविशारदाने आराखडा केलेली जुनी दगडी इमारत आणि तिच्या दारात अख्खा जिल्हा. चंदगड, राधानगरी, गगनबावडा तर येतातच, घाट चढून सिंधुदुर्गातलेही येतात. पावसाळ्यात सर्पदंश, शेतीचं औषध प्यालेले, हायवेवरचे अपघात. कॅज्युअल्टीत एक रात्र उभं राहिलात तर पुस्तकातले बरेच धडे डोळ्यांसमोरून जातात. मिरजेला याच गर्दीत कर्नाटकाची भर पडते. निम्मी हिस्ट्री, म्हणजे रुग्णाच्या आजाराची चौकशी, कानडीतून घ्यावी लागते. सुरुवातीला सिस्टरच्या तोंडाकडे बघायचं, नंतर कामापुरती कानडी आपोआप येते. शिवाय मिरज हे गावच दवाखान्यांवर जगणारं. डॉ. वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासूनची ती सवय. तिथल्या रिक्षावाल्याला ओपीडीची वेळ आणि वार दोन्ही पाठ असतात.

ये-जा दोन्हीकडे आहे. कोल्हापुरात वर्ग शेंडा पार्कात आणि वॉर्ड सीपीआरला. मिरजेत एक रुग्णालय मिरजेचं आणि दुसरं सांगलीचं, वसंतदादा पाटील यांच्या नावाचं. पोस्टिंग सांगलीला लागलं की विश्रामबागवरून जाणाऱ्या एसटीत उभ्याने उजळणी. यात कुणी कुणाला हसू नये.

मग मी मिरज का टाकलं? खरं सांगायचं तर नातेवाइकांमुळे.

बहीण दुसऱ्या वर्षाला गेली, म्हणजे वॉर्डात पोस्टिंग सुरू झालं, आणि घरातल्या फोनला काम लागलं. "आगं, सीपीआरला आलोय. मामांचा गुडघा दाखवायचाय. केसपेपर काढलाय, आता कुठं जायचं? येतीस का जरा?" मामा कुणाचे, तर आत्तीच्या जावेचे. दुसऱ्या वर्षाच्या मुलीच्या हातात काय असतं? पांढरा ॲप्रन आणि गळ्यात नवाकोरा स्टेथोस्कोप. खाट तिच्या हातात नाही, सोनोग्राफीची तारीख तिच्या हातात नाही. तरी ती जायची, एक्स-रेच्या रांगेत कुणाच्या तरी सासूबाईंबरोबर उभी राहायची, आणि तिकडे व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तिचा नंबर पुकारला जायचा. नाही म्हटलं की पाहुण्यांत बभ्रा: "आत्ताच एवढं, डॉक्टर झाल्यावर ओळख तरी देईल का?" काका-काकूंना ते लागायचं, मग तेच म्हणायचे, जा गं पाच मिनिटं.

यात पाहुण्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही. गावाकडून आलेल्या माणसाला मोठ्या दवाखान्यात एक ओळखीचा चेहरा लागतो, आणि पुढे आपल्याला तेच करायचंय. पण शिकायच्या वयात, रोज? शिवाय घर जवळ म्हणून बारसं, वास्तुशांत, जोतिबाचे खेटे, गल्लीतला गणपती हे सगळं वेगळंच. हॉस्टेलवर खोली असूनही ती निम्मी घरीच असायची. मी ते जवळून बघत होतो, आणि माझी यादी तिथंच ठरली.

मिरज पन्नास किलोमीटरवर. रेल्वेने तासा-सव्वा तासात घरी पोचतो माणूस, शनिवारी आईच्या हातचं जेवता येतं. पण "जरा येतोस का" म्हणण्याइतकं ते जवळ नाही. माझा फोन वाजायचा, मी 'मिरजेत आहे' म्हणायचो आणि विषय संपायचा. एका काकांनी मात्र "मग तिकडंच येतो" म्हटलं आणि सकाळच्या गाडीने खरंच आले. त्यांना घेऊन फिरलो, तेवढं चालायचंच.

आता हे सगळं कोल्हापूरच्या पोरांपुरतं. ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के बाकी राज्याला, हा ७०:३० चा प्रादेशिक कोटा २०२० मध्ये गेला, तेव्हापासून लातूर-नांदेडकडची मुलं इकडे सहज यादीत टाकतात. त्यांना आत्तीच्या जावेचे मामा भेटणार नाहीत. त्यांनी मला विचारलं तर मी बहुधा कोल्हापूरच वर टाका म्हणेन: शहर मोठं, जेवण स्वस्त, परक्या पोराला लवकर आपलं म्हणणारी माणसं. आणि घरी कुणी आजारी असेल, किंवा तुमच्याशिवाय बघणारं कुणी नसेल, तर मिरजेचा हट्ट कशाला? सीपीआरला शिकूनही डॉक्टर चांगलाच होतो. बहिणीचं निदान माझ्यापेक्षा पक्कं आहे, हे मी घरात कबूल करत नाही इतकंच.

फॉर्म भरताना एक बघा. कोल्हापूरला प्रवेश घेऊन तुम्ही पुढच्या फेरीत राहिलात आणि वर टाकलेलं मिरज लागलं, तर कोल्हापूरची जागा आपोआप जाते. हॉस्टेलवर गादी टाकून झाल्यावर 'आता राहू दे' म्हणता येत नाही. आहे तिथंच राहायचं असेल तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म मुदतीत द्यावा लागतो. नियमांत दरवर्षी बारीकसारीक बदल होतात, त्यामुळे प्रवेश राबवणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलची यंदाची माहितीपुस्तिका वाचूनच यादी लॉक करा.