कोल्हापुरात शाहूपुरीतल्या काकांकडं ड्रम ट्यून करून घेतले, त्याचा रिव्ह्यू

दोन-तीन जणांनी विचारलं म्हणून लिहितोय, लांबणार हाय, सांभाळून घ्या. दुकानाचं नाव टाकत नाही कारण काकांनीच दम दिलाय, "गणपती होईस्तवर हातात कामं हायत, नवीन गिऱ्हाईक आणू नको." बोर्ड तसाही नाही. तबला, ढोलकी, बँडवाल्यांचे साइड ड्रम असलं सगळं दुरुस्त करतात आणि ऑर्केस्ट्रावाल्यांची किटं पण करतात.

माझं किट सेकंडहँड (मापं इंचात), २२ चा बेस (पायानं वाजवायचा), १२-१३ चे टॉम (वर बसवलेले दोन), १६ चा फ्लोअर (जमिनीवर उभा राहणारा टॉम) आणि १४ चा स्नेअर (खाली तारा लावलेला). मला पाहिजे होता तो जुन्या रॉकचा मोकळा आवाज, टॉमवर एक मारली की खोलीभर घुमत राहिली पाहिजे असा. आणि येत काय होता तर पुठ्ठ्याच्या खोक्यावर लाटणं आपटल्यासारखा. गेल्या वर्षी एका ठिकाणी (कोल्हापुरातलं नाही, नाव सोडा) चांगले पैसे मोजून ट्यून करून आणलं होतं, त्यांनी डबल प्लायच्या (दोन पदरी) जाड स्किनी (ड्रमवर ताणतात ते प्लास्टिकचे पडदे) चढवल्या, बेसमध्ये अख्खी उशी कोंबली, वर टेप मारली आणि म्हणाले घ्या, स्टुडिओ साउंड. आता तो पण सत्तरच्या दशकातलाच आवाज हाय म्हणा, स्नेअरवर टॉवेल टाकून वाजवायचे तो, वाईट नाही, पण मी मागितला होता त्याच्या बरोब्बर उलटा.

काकांनी किट बघितलं आणि पहिलं वाक्य, "ह्याला सर्दी झालीया व्हय रं?" मग नखानं एकेक टेप सोलायला सुरुवात केली, सोलली की टेबलाच्या कडेला चिकटवायची, अशा अकरा झाल्या. मी म्हटलं काका टेप काढली तर टणटण वाजतंय. म्हणाले वाजणारच, सूर लावलेला नाही म्हणून टणटण वाजतंय आणि टणटण वाजतंय म्हणून टेप लावतासा.

पुढचं मला सगळ्यात आवडलं. ड्रमच्या स्किनी काढून नुसती लाकडी नळकांडी राहिल्यावर ती एकेक करून ग्रॅनाइटच्या तुकड्यावर उपडी ठेवली (किचन ओट्याचा कापून उरलेला, एकदम सपाट), आत बॅटरी लावली आणि दुकानातला दिवा बंद केला. म्हणजे स्किन जिथं टेकते ती कड एकसारखी असंल तर उजेड बाहेर येत नाही. १२-१३ पास. १६ च्या खालून एका बाजूला बोटभर लांबीची उजेडाची चीर. टेम्पोतून उतरताना कधीतरी आपटलेला असणार. मी दोन वर्षं त्या फ्लोअर टॉमला शिव्या देतोय, आणि खरं कारण ती चीर. त्याच दगडावर पॉलिश पेपर चिकटवून काकांनी ड्रम गोल गोल घासला, मधेमधे बॅटरी लावून बघायचं, परत घासायचं, पाऊण तास हेच. एका लगचे (स्किन ताणायचा रॉड ज्यात पिळतात तो भाग) आटे गेले होते, ते उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडनं दुसऱ्या दिवशी करून आणले.

स्किन मी आधीच आणलेली, वरनं कोटेड सिंगल प्लाय १० मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, तर साधारण पाव मिलिमीटर), खाली त्याच जाडीची क्लिअर. स्नेअरच्या खाली मात्र ३ मिलचीच लागते, तिथं जाड लावली तर तारा बोलत नाहीत.

ट्यूनिंग त्यांनी खालच्या स्किनीपासून सुरू केलं. आपण सगळे वरची पिळत बसतो आणि खालची कंपनीतनं आली तशीच. काकांनी सगळे रॉड आधी बोटानंच टेकवले, तळहातानं मधोमध दाबून स्किन बसवली, मग चावीनं समोरासमोरचे रॉड थोडे थोडे करत. दर वेळी रिमपासून (कडेच्या कड्यापासून) इंचभर आत बोटानं टिचकी, कान जवळ, अगदी तबल्याच्या घराघरात सूर बघतात तसं, फक्त हातोडी नाही. खालची वरच्यापेक्षा जरा चढी ठेवली. दोन्ही सारख्या लावल्या तर आस (मागं घुमत राहणारा आवाज) सगळ्यात लांब राहते, खालची चढी केली की आवाज उघडा राहतो पण जरा आवरतो, एवढं त्यांनी वाजवून दाखवलं आणि मला फरक कळला.

मी फोनवर लेड झेपलिन ह्या जुन्या इंग्लिश रॉक बँडच्या जॉन बॉनमचे ड्रम ऐकवले. २६ इंची बेस ड्रम, टेप-बिप जवळजवळ नाहीच, आणि १९७१ मध्ये आलेल्या अल्बममधल्या एका गाण्यासाठी तर हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात दारातल्या जिन्याच्या हॉलमध्ये किट मांडून वर जिन्यात दोन माइक लावलेले. काका डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "निम्मा आवाज जिन्याचाच हाय की. आणि बाकीचा वर चढवलाय, तू समजतोस तसा ढिला नाही." हे खरं हाय. जाड आवाज पाहिजे म्हणून आपण ढिलं करत जातो आणि ड्रम मरतो. बेसची उशी पण गेली, तिच्या जागी दोन्ही स्किनींच्या आतनं फेल्टची एकेक पट्टी आडवी, जुन्या किटांना असायची तशी.

पहिला ठोका १६ च्या टॉमवर. दुकानातली भिंतीवरची ढोलकी आपसूक गुणगुणली, शप्पथ.

आता तक्रारी. दोन दिवस सांगून सहा दिवस लावले, फोन उचलत नाहीत, ऑनलाइन पेमेंट नाही. स्नेअर तर हलगी शेकून आणल्यासारखा कडक करून ठेवला होता, एक मारली की तडाड्! कोल्हापूरचा हात, काय बोलणार. घरी येऊन मी वरचे रॉड पाव-पाव फेरा उतरवले, तारा पण जरा सैल केल्या, मग बसला. एक ध्यानात घ्या, असं मोकळं किट बारक्या पत्र्याच्या हॉलमध्ये लई गोंगाट करतं. परवाच्या कार्यक्रमात साउंडवाला टेपचा रोल घेऊनच स्टेजवर आला, त्याला चहा पाजून परत पाठवला, पण फ्लोअर टॉमला शेवटी एक छोटा तुकडा लावावा लागला, खोटं कशाला सांगू. आणि हात खोटा पडला तर आता ऐकू येतं, आधी टेपखाली झाकून जायचं.

पाच ड्रमचे दीड हजार घेतले, लेथचे वेगळे दोनशे. मला स्वस्त वाटलं. पाचातले साडेचार, अर्धा त्या सहा दिवसांचा कापला.

जाणार असाल तर पावसाचं जाऊ नका, दुकान गळतंय. माझ्या जुन्या जाड स्किनी मागायला गेलो तर त्यातली एक काकांनी पत्र्याच्या भोकाखाली खिळे मारून बसवलेली. म्हणाले, प्लास्टिक हाय, पाणी पीत नाही, आता कुठं कामाला आली बघ.