भुसा, वाळू की चिंध्या? रंग-हार्डवेअरच्या दुकानात सांडलवंड आवरायला काय ठेवावं

थिनरचा डबा फुटला किंवा अ‍ॅसिडची बाटली निसटली की बहुतेक दुकानांत हात आधी भुशाच्या पोत्याकडे जातो. ते साहजिकच आहे. वखारीत भुसा जवळजवळ फुकट मिळतो, वजनाला हलका, ओल भराभर ओढतो आणि झाडून घेतला की फरशी कोरडी. डिस्टेंपर किंवा इमल्शन सांडलं तर भुशाला तोड नाही. वाळू टाकली तर तोच रंग फरशीभर माखतो.

अडचण आहे ती फळीवरच्या बाकीच्या मालाची. भुसा म्हणजे शेवटी सरपणच. ब्लीचिंग पावडर किंवा तीव्र हायड्रोजन पेरॉक्साईडमध्ये तो मिसळला तर तापतो, पेटूही शकतो. थिनरवर टाकला तर थिनर कुठे जात नाही, भुशाला चिकटून वाफ होऊन उडतच राहतो. सगळ्यात फसवं बेलतेल, म्हणजे जवसाचं उकळलेलं तेल. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं आणि सुकताना तापतं. पातळ थर असेल तर ही उष्णता निघून जाते, पण भुशाच्या ढिगात किंवा चुरगाळलेल्या चिंधीत कोंडते. संध्याकाळी कोपऱ्यात लोटलेला ढीग शटर पडल्यावर काही तासांनी, कुठलीही ठिणगी न लागता, पेट घेऊ शकतो.

वाळू यातलं काहीच करत नाही. तिचे दोष वेगळे: वजन जास्त, शोषण कमी. कोरड्या वाळूत कणांमधली पोकळी साधारण एक तृतीयांश असते, त्यामुळे १ लिटर द्रवाला ३ लिटर, म्हणजे सुमारे ५ किलो वाळू लागते. ५ लिटरचा डबा आडवा झाला तर २५ किलो. रंगाच्या २० लिटरच्या दोन रिकाम्या बादल्या घ्या, पण अर्ध्याच भरा. काठोकाठ भरलेली बादली तीस किलोच्या वर जाते आणि घाईत कुणाच्याने उचलत नाही. झाकण हवंच. पावसाळ्यात उघडी वाळू दमट होते आणि ओली वाळू काही शोषत नाही. किनारपट्टीवर समुद्राची वाळू सहज मिळते, ती मात्र नको. तिच्यातले शिंपल्यांचे तुकडे अ‍ॅसिड पडताच फसफसतात. धुऊन वाळवलेली नदीची वाळू किंवा क्रश सँड चालेल.

चिंध्या शेवटचा हात फिरवायला ठीक, साठा म्हणून नाहीत.

अ‍ॅसिडसाठी मात्र नुसती वाळू अपुरी पडते. ती अ‍ॅसिड अडवते, मारत नाही. आधी वाळूचा बांध घाला, मग खाण्याचा सोडा कडेकडून मध्याकडे थोडा थोडा टाका, फेस येणं थांबेपर्यंत. फरशी धुण्याच्या १ लिटर तीव्र अ‍ॅसिडला (साधारण ३० टक्के) सुमारे ८०० ग्रॅम सोडा लागतो, म्हणजे किराण्यातल्या छोट्या पाकिटाने काही होणार नाही. दोन किलो ठेवा. हातमोजे रबरी, डोळ्यांवर चष्मा, दार उघडं. शेजारी ब्लीचिंग पावडर सांडली असेल तर दोन्ही एका सुपलीत येऊ देऊ नका; त्यातून क्लोरीन सुटतो.

थिनर सांडला तर वाळू उचलण्याआधी देवाच्या फोटोपुढची उदबत्ती विझवा. वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत दूरवर पसरते. बटणाला हात लावू नका, पंख्याच्याही.

तेव्हा भुसा की वाळू? दुकानात फक्त पाण्यातले रंग असतील तर भुसा पुरे. थिनर, बेलतेल, अ‍ॅसिड, ब्लीचिंग पावडर यांपैकी काहीही असेल तर वाळूच. गोंधळात पोऱ्या लेबल वाचत बसत नाही, त्याच्या हाताला लागेल ती वस्तू कशावरही टाकली तरी पेटणार नाही अशीच असावी. दोन्ही ठेवायचा मोह होतो, पण मग भुशाचं पोतं जवळ आणि वाळू मागे, असंच होतं.

उचललेला माल एकाच डब्यात भरला तर एवढं सगळं वाया. थिनरची वाळू पत्र्याच्या, घट्ट झाकणाच्या डब्यात. बेलतेलाच्या चिंध्याही पत्र्याच्याच डब्यात, पण पाण्यात बुडवून. अ‍ॅसिडची वाळू प्लॅस्टिकच्या बादलीत, झाकण सैल. जस्ताच्या बादलीत उरलेल्या अ‍ॅसिडमुळे हायड्रोजन निघतो. ब्लीचिंग पावडर एकटी, कोरडी. प्रत्येक डब्यावर काय सांडलं आणि तारीख लिहा. घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत साठवणुकीची मुदत ९० दिवस आहे, आणि माल जायला हवा तो प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या केंद्राकडे, जसं तळोजा किंवा रांजणगाव. घंटागाडीत टाकला तर तो तिथल्या कागद-प्लॅस्टिकवरच पडतो.