एम्स चाचणी की कॉमेट चाचणी?

रसायनाने डीएनए बिघडतो का हे पाहायला कोणती चाचणी निवडू, असं एका विद्यार्थिनीने विचारलं.

एम्स स्वस्त. हिस्टिडीन (वाढीला लागणारं एक अमिनो आम्ल) बनवू न शकणारे साल्मोनेला जिवाणू उत्परिवर्तनानंतर, म्हणजे डीएनएत कायमचा बदल झाल्यावर, त्याशिवाय वाढू लागतात. दोन-तीन दिवसांत वसाहती मोजायच्या. पण यकृताचा अर्क घालायला विसरू नकोस! धुरातलं बेन्झोपायरीन स्वतःहून डीएनएला धरत नाही. यकृतातली विकरं त्याचं रूप पालटतात, मग ते डीएनएतल्या ग्वानिन या घटकाला चिकटतं आणि डीएनएची प्रत काढताना चूक होते. महत्त्वाच्या जनुकांत अशा चुका साचल्या की कर्करोगाची वाट मोकळी होते.

कॉमेटमध्ये मानवी पेशीही चालतात. तुटलेला डीएनए कॉमेटच्या, म्हणजे धूमकेतूच्या, शेपटीसारखा दिसतो. मात्र पेशी तो सांधूही शकते, म्हणून तुटणं म्हणजे उत्परिवर्तन नव्हे.

अनेक रसायनं चाळायची तर एम्स. ठरावीक अवयवातली इजा बघायची तर कॉमेट.