आठ महिने स्पेक्ट्रम प्लस, आणि पडद्यावर उमटलेलं 'दादर'

गेल्या गणपतीच्या सुमारास लॅमिंग्टन रोडवरून झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस हा जुना घरगुती कॉम्प्युटर घेतला, त्याला आता आठ महिने झाले. १९८४ सालचं हे मॉडेल. आतून १९८२चाच स्पेक्ट्रम, फक्त रबरी बटणांच्या जागी कडक प्लास्टिकची बटणं आणि डाव्या कडेला रीसेट. आपल्याकडे १९८६पासून डेसिबेल्स कंपनी परवाना घेऊन हाच 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' म्हणून विकायची. माझा त्यातलाच.

दुकानदार म्हणाला होता, "एकदम चालू आहे." तिसऱ्या महिन्यात क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी ही पाच बटणं एकदम बंद पडली. शेजारची पाच बटणं एकाच तारेवर असतात, त्यामुळे कीबोर्डखालच्या पातळ पट्टीला एक चीर गेली की पाचही जातात. नवीन पट्टी बसवून मिळाली. घेणाऱ्याने ही पट्टी आणि अ‍ॅडॉप्टर आधी बघावेत. याला ९ व्होल्ट लागतात, पण पिनच्या मध्यभागी ऋण टोक असतं. हल्लीचे बहुतेक अ‍ॅडॉप्टर नेमके उलटे. घरात पडलेला कुठलाही लावून बघितलात तर मशीन गेलं म्हणून समजा.

शाळेपासूनचा माझा एक मित्र गिरगावात दुकानांच्या पाट्या रंगवतो. त्याला हे दाखवायचंच होतं, आणि पहिल्या दिवशी मी चुकलो. थेट गेम लावला. यावर गेम कॅसेटवरच्या आवाजातून चढतो; कॅसेटऐवजी मोबाइलमधून तो आवाज सोडला तरी पूर्ण गेम चढायला पाचेक मिनिटं जातात. तेवढा वेळ पडद्याच्या कडेला निळे-पिवळे पट्टे आणि कर्कश किरकिर. अर्ध्यात फोन वाजला आणि 'टेप लोडिंग एरर'. तो चहा घेऊन "छान आहे रे" म्हणत निघून गेला. (तेव्हापासून मोबाइल आधी फ्लाइट मोडवर टाकतो.)

पुढच्या रविवारी गेमला हात लावला नाही. कीबोर्ड त्याच्यासमोर ठेवला आणि नुसतं 'प्रिंट' टाइप कर म्हटलं. त्याने पी दाबल्याबरोबर अख्खा शब्द उमटला, कारण इथे ओळीच्या सुरुवातीला एका बटणाला एक पूर्ण आज्ञा असते. त्याला ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने पुढची अक्षरंही मारली. पडद्यावर 'प्रिंट रिंट', आणि खाली 'व्हेरिएबल नॉट फाउंड', म्हणजे 'रिंट' नावाचं काही सापडलं नाही. तो खुर्ची पुढे ओढून बसला. "याला रिंट म्हणजे काय ते सांगायचं कसं?"

मग त्याला स्वतःची अक्षरं बनवायची सोय दाखवली. एका अक्षराला आठ ओळी, प्रत्येकीत आठ घरं. भरलेल्या घराला १, रिकाम्याला ०. अशी २१ अक्षरं आपली आपण घडवता येतात. काना त्याने लगेच सांगितला: पहिली ओळ ११११११११, खालच्या सातही ओळी ०००११०००. मग द आणि र चौकटीच्या वहीत काढले. तीन आकृत्यांत 'दादर' तयार! अक्षरांच्या चौकटी एकमेकींना चिकटूनच असतात, त्यामुळे शिरोरेघ आपोआप सलग जुळली. इंग्रजी अक्षरांसाठी घडवलेल्या मशीनवर ती अखंड रेघ बघून मला खरंच भरून आलं. त्याने लगेच लाल अक्षरं मागितली, मग स्टेशनच्या इंडिकेटरसारखी उघडझाप. एका अक्षराच्या चौकटीत दोनच रंग चालतात, पण पाटीला तेवढे पुरतात.

त्या दिवसापासून मित्राला मशीन दाखवायचं तर मी पहिल्या दिवशी गेम लावत नाही. जे काम त्याच्या हातात आधीपासून आहे, ते त्याला या मशीनवर करू देतो. 'न्यू' देऊन प्रोग्रॅम पुसला तरी घडवलेली अक्षरं राहतात. मशीन बंद केलं की मात्र जातात, म्हणून अक्षरांचे आकडे प्रोग्रॅममधल्या 'डेटा'च्या ओळींत लिहून सेव्ह करून ठेवावेत. आम्ही एकदा सगळी अक्षरं घालवली आणि वहीवरून पुन्हा भरली.

४८ के (किलोबाइट) मेमरीतली साधारण ४१ के आपल्या हाती येते. आम्हाला ती अजून कधी कमी पडलेली नाही.

सध्या 'माहीम' चालू आहे. दुसऱ्या वेलांटीला शिरोरेघेच्या वर जागा हवी, आणि आमची रेघ तर पहिल्याच ओळीत. गेल्या रविवारी त्याने सगळी अक्षरं खोडून रेघ तिसऱ्या ओळीवर उतरवली. आता खाली पाचच ओळी उरल्यात, आणि त्यात ह बसवायचा आहे.